मोटारीचे छत वर्षभर मिटले राहिले त्याची हकिकत

श्रीगजवदनास नमन. वाग्देवीस नमन. तदुपरी सूर्यनारायणास जास्तीचे एक नमन, कारण पुढील हकिकतीत काम त्यांचेच फार. ही बखर लिहिण्यास हुकूम कोणाचा नाही. पाहिले, राहवले नाही, म्हणोन लिहिली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एक राज्य होते. राज्याच्या चतुःसीमा ऐशा: पूर्वेस दूधकेंद्र, पश्चिमेस पाण्याची टाकी, दक्षिणेस नाला, आणि उत्तरेस शेजारच्या वकिलांचा पेरू, ज्याच्या फांद्या आमच्या हद्दीत येतात आणि फळे मात्र वकिलांची राहतात. गादीवर कुमुदिनीबाईसाहेब. त्यांचे यजमान रत्नाकरराव यांस कैलासवासी होऊन वर्ष भरत आले होते. रावांचे धाकटे बंधू विश्वंभरराव, म्हणजे बाईसाहेबांचे भावजी, हे माडीवर राहत, आणि पूजा, पंचांग व समईच्या वाती वळणे हा कारभार त्यांजकडे असे. प्रजा म्हणावी तर एक मांजर, तेही दूधकेंद्रास फितूर.

या राज्याची दौलत म्हणजे एक मोटार. पारव्या रंगाची, आसने चार, पैकी मागील दोन नावाची, आणि तिचा थाट हा की छत कापडाचे. कळ दाबली की छत काचेचा काठ सोडून वर उठे, आणि आपली घडी आपण घाली, आणि पाठीमागील पेटाऱ्यात जाऊन निजे, मग डोईवर आकाश. रत्नाकररावांची या छतावर प्रीती ऐसी की दर पौर्णिमेस आणि दर अमावास्येस ते उघडून उन्हात ठेवीत, आणि मऊ कुंचल्याने धूळ झाडीत, आणि साध्या पाण्याने पुसून कोरडे होईतो राखण बसत, आणि काठाच्या रबरास पूड लावीत, आणि कोपऱ्यातील नळ्यांत दोरा घालून पेरूची पाने काढीत. ओले छत मिटू नये आणि कापडास तेल लावू नये हे त्यांचे दोन कायदे. वकिलांच्या कुटुंबास पुष्कळ वर्षे वाटत होते की रावांनी काही कडक व्रत धरले आहे. छत वाळले की उभयतां पठारावर जात, थर्मासातून चहा घेत, सांजेस परत येत. बाईसाहेबांस चाक धरावयास रावांनीच त्या पठारावर शिकविले होते.

आता रावांस एक व्यसन होते, तपकिरीचे. बाईसाहेबांचा तिजवर मोठा राग. घरात तपकीर दिसता कामा नये ऐसा त्यांचा जाहीरनामा होता आणि त्याची अंमलबजावणी कडक होती. मग रावांनी काय केले, तर ते व्यसन मोटारीत नेऊन वसविले. मोटारीत बसावे, काचा लावाव्या, चिमूट ओढावी, चार शिंका द्याव्या आणि साळसूद मुद्रेने घरात यावे. याचा परिणाम असा जाहला की राव गेल्यावर घरात त्यांचा वास कोठेच नव्हता. कपडे धुतले गेले, अंथरूण दान गेले, घर फिनेलाने पुसून लख्ख. वास उरला तो मोटारीत, आसनांच्या शिवणींत, तपकिरीचा आणि थोडा लवंगेचा. ज्या वासावरून बाईसाहेब जन्मभर भांडल्या, त्या वासासाठी त्या रोज दुपारचा चहा जाहला की पडवीतील मोटारीत जाऊन बसू लागल्या. दार लोटून घ्यावे, काच वर करावी, डाव्या आसनावर, जे त्यांचे नेहमीचे, तेथे बसावे, आणि डोळे मिटावे. त्यांस राव फार फार हवे होते. एवढेच होते, आणि एवढे फार होते. आणि छत उघडले की वारा शिरेल, आणि वारा शिरला की हेही जाईल, हे त्यांस पक्के ठाऊक होते. सबब छत मिटलेले राहिले. पौर्णिमा गेल्या, अमावास्या गेल्या, सारा पावसाळा वरून गेला, तरी मिटलेलेच.

मार्गशीर्ष लागला तेव्हा बाबालाल मिस्त्री मोटार तपासावयास आले. रावांचे जुने स्नेही, बोलणे रोखठोक. छताच्या घडीत बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "काकी, कापड आंबलंया. आतनं बुरशी धरलीया बघा. ह्ये उघडून चार दिस ऊन दाखवा, न्हाईतर चिरा पडत्याल. आन् फाटलं तर असलं छत आता मिळायचं न्हाई."

बाईसाहेब म्हणाल्या, "बघू."

"बघू न्हवं. काकांनी जिवापाड जपलंया त्ये."

हे विश्वंभररावांनी माडीवरून ऐकिले. दादाची वस्तू नासते हे ऐकून त्यांस घास गोड लागेना. पंचांग काढिले आणि पौर्णिमेचा दिवस मुक्रर केला, की त्या दिवशी आपण स्वहस्ते कळ दाबून छत उघडणार. बाईसाहेबांस नाही म्हणवेना, कारण मग सबब सांगावी लागते. वासासाठी मोटार झाकून बसते, हे दिराजवळ कोणत्या तोंडाने सांगावे? मग त्यांनी मसलत केली, ती ऐशी. मोटारीच्या आत, हाकावयाच्या चाकापाशी, गुडघ्याच्या उंचीवर, एक लहान कोठी असते आणि तीत फ्यूज नामे शिलेदार रांगेने उभे असतात. कोणी दिव्यांचा, कोणी भोंग्याचा, कोणी छताचा. शिपाई बोटाच्या पेराएवढा, परंतु धर्म मोठा. विजेचा भार बेसुमार आला तर आपण जळावे, आणि मागची तार वाचवावी. बाईसाहेबांनी रावांजवळ बसून बसून हे सारे पाहिले होते. त्यांनी पौर्णिमेच्या आदले दिवशी छताचा शिलेदार चिमटीने उपटून काढिला आणि आपल्या बटव्यात टाकिला, आणि काही न जाहल्यासारख्या भाजी निवडावयास बसल्या.

पौर्णिमेस विश्वंभरराव सोवळे सोडून, टोपी घालून मोटारीत बसले आणि कळ दाबिली. छत हलेना. पुन्हा दाबिली, तरी हलेना. बाईसाहेब दारातून म्हणाल्या, "राहू द्या भावजी, नसेल त्याच्या मनात." परंतु भावजी चिकाटीचे. रावांस ती कोठी उघडताना त्यांनीही पाहिले होते. उघडिली, तो एक जागा ओस. आता या गृहस्थांचा जन्म देवघरात गेलेला. समई पेटत नसेल तर वात पाहावी, वात नसेल तर वळावी, हे त्यांचे शास्त्र. पोळ्या गुंडाळावयाचा चंदेरी कागद त्यांनी स्वयंपाकघरातून आणिला, मांडीवर ठेवून त्याची नीट, पिळदार वात वळिली, आणि तिची दोन टोके त्या ओस जागेच्या दोन तोंडांत बसविली. बाईसाहेब तेवढ्यात दूधकेंद्रावर गेल्या होत्या. भावजींस वाटले, दादाचे छत उघडून वहिनींस चकित करू, बिचाऱ्या वर्षभर खिन्न आहेत. आणि कळ दाबिली.

वर्षभराचे रबर काचेस चिकटलेले. यंत्राने जोर केला, आणि छत वीतभर उठले आणि अडले, आणि यंत्राने अधिक जोर केला. शिलेदार जागेवर असता तर त्याच क्षणी जळून मोकळा होता. वात मात्र जळावयास तयार नव्हती, भावजींनी वळलेली कोणतीच वात लवकर विझत नसे. मग तिच्याऐवजी तार तापली, तारेवरचे रबर वितळले, आणि कोठीतून काळा धूर निघाला, तो सर्व मोटारीत भरला. भावजी खोकत बाहेर पडले. वकिलांकडून बाबालाल मिस्त्रींस फोन गेला, ते येऊन बॅटरीची तार ओढिते जाहले, आणि आग लागावयाची ती टळली.

बाईसाहेब धावत आल्या. कोणी थांबवावे तो डाव्या आसनावर जाऊन बसल्या आणि दार लोटून घेतले. पाठीस नाक लाविले. शिवणींस लाविले. पट्ट्यास लाविले. सर्वत्र जळक्या रबराचा वास. दुसरा वास नाही.

विश्वंभरराव बाहेर उभे होते, हातास काजळी. म्हणाले, "वहिनी, माझ्या हातून दादाची मोटार जळली. मला काय बोलायचं ते बोला."

बाईसाहेबांनी मूठ फिरवून काच खाली केली. म्हणाल्या, "फ्यूज मीच काढून ठेवला होता, भावजी. आत त्यांचा वास होता. छत उघडलं असतं तर तो गेला असता." मग दार उघडीत म्हणाल्या, "तुम्ही काही जाळलं नाहीत. मी कोंडून ठेवलं होतं."

विश्वंभरराव खाली पायरीवर बसले. "मला सांगायचं होतंत," म्हणाले. "मी पण आलो असतो बसायला. मला कुठं दिसतो दादा घरात?" हे ऐकून बाईसाहेबांस भडभडून आले, कारण या घरात आणखी एक मनुष्य त्याच भुकेने हिंडत आहे हे वर्षभर त्यांच्या ध्यानीच आले नव्हते.

बाबालाल मिस्त्रींनी दुसरे दिवशी सकाळी नवी तार घातली, रबर कोमट पाण्याने सोडविले, आणि म्हणाले, "काकी, फ्यूज तुमीच बसवा." बाईसाहेबांनी बसविला आणि कळ दाबिली. छत कुरकुरले, उठले, घडी घेत मागे गेले. घडीतून बुरशीची काळी नक्षी दिसली. ती कुंचल्याने झाडिली, पुसली, उन्हात ठेविली, आणि कापड पाहून मिस्त्रींनी निवाडा दिला की वाचले.

ऊन कलल्यावर बाईसाहेब उजव्या आसनावर चाकापाशी बसल्या आणि भावजींस पुढे शेजारी बसविले. मोटार उघड्या छताने पठारावर गेली. मार्गशीर्षाचा वारा गार, गवत पिवळे पडलेले, आणि वर आकाश तेच, रावांसह येत तेव्हाचे. बाईसाहेबांनी मोटार थांबविली. एकवार आसनाच्या पाठीस नाक लावून पाहिले. गवताचा वास होता, धुळीचा होता, धुराचाही थोडा होता.

"थंडी आहे, वहिनी. छत ओढून घेऊ का?" विश्वंभररावांनी विचारिले.

"नको." बाईसाहेब चाकावर हात ठेवून समोर पाहत राहिल्या. या राज्यात वर्षभर कोणी तो शब्द उच्चारिला नव्हता. राव निवर्तले, कैलासी गेले, देवाघरी गेले, ऐसेच सर्व बोलत, आणि ही बखरही तैसेच लिहीत आली. बाईसाहेब म्हणाल्या, "मेले हो, भावजी. तुमचे दादा मेले."

"हो, वहिनी," विश्वंभरराव म्हणाले.

मग दोघे पोटभर रडले, आणि अंधारावयाच्या आत घरी आले.

इति. सारांश इतकाच, की छत आता पौर्णिमेस व अमावास्येस नेमाने उघडते, सूर्यनारायण आपले काम करितात, आणि कापड उत्तम आहे. मोटारीत रावांचा वास राहिला नाही. बाईसाहेबांस त्यांची आठवण मोटारीत येत असे, ती आता कोठेही येते.