रोपं घमेल्यात, काका भाषणात

ललाऊने भाताच्या रोपांच्या जुड्या घमेल्यातल्या चिखलात बुडवल्या आणि सूर्याकडे पाहिलं. चिखलात स्फुरद खताची पूड कालवली होती. मदागास्करच्या त्या लाल, आंबट डोंगरमातीत खत नुसतं फेकलं तर मातीच ते गिळून बसते, रोपाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून पूड थेट मुळांनाच माखायची. शेतकी खात्याच्या बाईंनी बजावलं होतं, "अर्धा तास. जास्त ठेवलीस तर मुळं करपतील." घरातलं होतं नव्हतं ते बियाणं या रोपांत गेलं होतं. मागच्या साली भात सप्टेंबरातच संपला आणि पोरांनी पुढचे महिने कसाव्याच्या कंदांवर काढले होते.

तेवढ्यात राइनिवेलूकाका बांधावर येऊन उभे राहिले. लावणीआधी गावच्या ज्येष्ठांनी भाषण केल्याशिवाय खाचरात पाऊल टाकायचं नाही, अशी पूर्वजांपासूनची रीत.

"बोलायला मी कोण?" काकांनी सुरुवात केली.

आपण बोलायला नालायक आहोत हे सिद्ध करायला त्यांना नेहमी पाऊण तास लागे. मग त्यांनी पूर्वजांची माफी मागितली, वडीलधाऱ्यांची मागितली, धाकट्यांची मागितली.

"अहो, काहीतरी करा ना!" ललाऊ नवऱ्याच्या कानाशी लागली.

"मध्ये बोलायचं तर मलाही भाषणच करावं लागेल," सुलू म्हणाला.

"मग करा की! दोन वाक्यांत आटपा."

सुलू उठला. पण रीतीप्रमाणे आधी काकांची स्तुती करावी लागली, आणि स्तुती ऐकून काकांना उत्तर देणं भाग पडलं. उत्तराला सुलूचं प्रत्युत्तर, म्हणीवर म्हण. दहाव्या म्हणीला त्यालाही रंग चढला. बायको आणि घमेलं विसरून तो हातवारे करू लागला. ललाऊने मात्र अर्धा तास भरला तेव्हाच बांधावर बसल्याबसल्या पाठीमागे हात नेऊन तीन जुड्यांची रोपं खाचराच्या कोपऱ्यात खोचली होती. पाऊल काही टाकलं नव्हतं.

भाषणं दुपारी संपली. घमेल्यातल्या बाकीच्या रोपांची मुळं करपून तांबडी पडली होती. तरी लावणी झाली, आणि पंधरा दिवसांत सगळं खाचर पिवळं पडून बसलं. कोपरा तेवढा हिरवागार, फुटव्यांनी दाटलेला. बघायला गाव जमलं.

"ही वेळेवर काढलेली रोपं," ललाऊ फटकन बोलली. "बाकीची तुमच्या भाषणाने मेली, काका!"

काका चालत हिरव्या कोपऱ्यापाशी गेले.

"पोरी, बोलताना मी उभा कुठे होतो?"

"या... या कोपऱ्यापाशी."

"बघा! माझा आवाज पोचला तिथे पीक आलं. पलीकडे नुसती पूडच होती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुलूनेही डोलावली.

पुढच्या हंगामात गावाने शेतकी खात्याची पूड फेकून दिली आणि काकांना प्रत्येक खाचराच्या चारही कोपऱ्यांत बोलायला लावलं. ललाऊकडे पेरायला दाणा उरला नव्हता. ती लोकांच्या लावणीला मजुरीने जाऊ लागली. पहाटेपासून बांधावर उभं राहावं लागे. मजुरी मात्र भाषण संपल्यापासून धरत.