कोरड्या पाइपाचे रहांगडाले काका

दुर्गच्या आमच्या सरकारी ऑफिसात रोज सकाळी साडेदहाला एक गृहस्थ गच्चीवर जातात, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे डोळे बारीक करून पाहतात, खाली येतात आणि रजिस्टरात लिहितात : हत्ती – शून्य.

हे आमचे रहांगडाले काका. जमीन, पाणी, खनिज आणि जंगली जनावरं यांची माहिती गोळा करून रायपूरला पाठवायची, हे आमच्या ऑफिसचं काम. संशोधन तिकडे होतं, आम्ही नुसते रकाने भरतो. फॉर्म अख्ख्या राज्याला एकच, त्यामुळे हत्ती, अस्वल आणि रानम्हैस हे तीन रकाने आमच्याही वाट्याला आलेले. ऑफिससमोर मिठाईचं दुकान, मागे बस स्टँड. बाकीचे लोक हे रकाने कोरे सोडतात. काकांना ते खपत नाही.

"कोरं म्हणजे कोणी पाहालेच गेलं नाई," मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं. "शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन पाहून आलं. लय फरक आहे बाबू. तू गेला होता का पाहाले?"

मी कशाला जातोय! मी डेटा एंट्रीला लागलेला, खुर्ची मिळाली यातच खूश. पण ऑफिसात घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच निघालो, आणि त्यातून माझ्याकडे स्कूटर. काकांनी मला त्याच दिवशी दत्तक घेतलं.

'गेला होता का पाहाले?' हे काकांचं ब्रह्मवाक्य. चहावाल्याने साखर संपली म्हटलं की काका डबा उघडवून आत हात घालणार. कैंप-१ या वस्तीत त्यांच्या गल्लीत एक डॉक्टर आहे. त्याने "कुछ तकलीफ?" विचारलं तर तुम्ही-आम्ही 'नाही' म्हणून मोकळे होऊ. काका डोळे मिटतात, पायाच्या अंगठ्यापासून तपासणी सुरू करतात आणि "घुटना शून्य, कमर शून्य" करत वर सरकतात. मानेपर्यंत पोचेस्तोवर बाहेर रांग लागलेली असते.

एकदा मात्र खरोखरच हत्ती आला. कपाळावर रंग, पाठीवर भगवी कफनी घातलेला बाबा, आणि दुकानादुकानापुढे सोंड. सगळं ऑफिस गच्चीवर धावलं. काका घामाघूम. अर्धा तास विचार करून त्यांनी लिहिलं : 'हत्ती – एक. पाळीव. सोंडेत केळी.' रायपूरहून लगेच फोन. हत्ती कोणत्या दिशेने गेला?

"पद्मनाभपुर की तरफ, साहब," काका उभे राहून म्हणाले. "पैदल."

चार दिवसांनी पत्र आलं. पद्मनाभपुरच्या रहिवाशांनी रात्री एकट्याने बाहेर पडू नये.

असा हा माणूस. पण त्यांचा खरा जीव हत्तीत नव्हता, जामुलच्या एका पाइपात होता.

जमिनीखालचं पाणी किती खोल गेलंय ते कळावं म्हणून सरकारने जागोजागी लोखंडी पाइप पुरून ठेवलेत. आत टेप सोडायची. टेपचं टोक पाण्याला लागलं की वर हातातल्या टेपच्या चकरीतून 'टीं' असा आवाज येतो. तसा एक पाइप जामुलला पार्बताबाईंच्या अंगणात होता. झाकणाचं कुलूप केव्हाच गंजून पडलेलं, आणि पाइपात सहा वर्षं पाण्याचा थेंब नाही. तरी दर महिन्याच्या दहा तारखेला काका माझ्या स्कूटरवर मागे बसून तिथे जायचे, उकिडवे बसायचे, टेप तळापर्यंत सोडायचे आणि चकरीला कान लावायचे.

"काई ऐकू येते का?"

"काहीच नाही, काका."

"मंग कोरडा," असं म्हणून ते वहीत लिहीत.

पार्बताबाई भंडाऱ्याकडच्या. नवरा स्टील प्लांटात होता, तो वारला. मुलगा सुरतेला, वर्षातून एकदा येणारा. त्या ओसरीतून ओरडत, "झालं का तुमच्या सरकारचं? जेवून घ्या." काका दर वेळी म्हणत, "नाई मावशी, ड्युटीवर आहो." आणि दर वेळी भात, वरण, कैरीची चटणी असं तीनदा वाढून घेत. ड्युटीवरचा माणूस इतका भात खातो हे मला तोवर माहीत नव्हतं.

या वर्षी नवे साहेब आले. त्यांनी पाइपांची यादी पाहिली आणि काकांना बोलावलं.

"रहांगडाले जी, सूखा पाइप हर महीने क्यों नापते हो?"

"साहब, किसी महीने गीला निकल गया तो?"

साहेब हसले नाहीत. मे महिन्यातही पाइप कोरडा निघाला तर यादीतून बाद, असं ठरलं. त्या संध्याकाळी घरी जाताना काका स्कूटरवर मागून माझ्या कानात बोलत राहिले. "पोरगा दूर. शेजारचे सारे कामावर. दहा तारखेले कोणीतरी तिचं फाटक वाजवते ना बाबू. पाइप गेला तं म्हातारीले कोन जाईन पाहाले?"

तेव्हा मला कळलं की सहा वर्षं आम्ही पाणी मोजायला जात नव्हतो. एप्रिलच्या दहा तारखेला काकांनी पडलेल्या तोंडाने मावशींनाही सांगून टाकलं.

मग मे महिन्याची दहा तारीख. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर टेकवेना. काकांनी टेप सोडली, कान लावला.

टीं.

काका मागच्या मागे बसलेच. पुन्हा सोडली. टीं. तिसऱ्यांदा मला सोडायला लावली. टीं. दीड मीटर पाणी! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहून राहिला ना? म्हनून जा लागते," ते म्हणाले. मावशी ओसरीत पाठ करून भाजी चिरत होत्या.

आता भर उन्हाळ्यात पाणी वर येणं ही काही साधी गोष्ट नाही. दुसऱ्याच दिवशी रायपूरहून जीप आली. दोन संशोधक, आमचे साहेब, ड्रायव्हर, काका आणि मी, असे सहाजण त्या वीतभर पाइपाभोवती गोल करून उभे. दोरीला नळी बांधून आतलं पाणी वर काढलं. पांढरंफटक!

"चूना पत्थर," मोठे संशोधक हळूच म्हणाले. "नीचे नई दरार खुली है." धाकट्याने तर यावर लेख लिहायचं मनाशी ठरवूनही टाकलं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोघांनी बाटली उन्हात धरली. ड्रायव्हर बिचारा मागून वाकून पाहत होता. तो म्हणाला, "सर, इसमें तो चावल का दाना है."

दाणा होता खरा. एक नव्हे, तीन.

"मंग?" मावशी ओसरीतून कडाडल्या. "या उन्हाळ्यात चांगलं पानी ओतू का? तांदूळ धुवाचं ओतलं. आठ दिसांचं साठवलं होतं."

"पण कावून मावशी?" काकांचा आवाज एवढासा झाला.

"कावून म्हणजे? तूच तं सांगतलं पाइप बंद होते म्हून. मंग तू कायले येशीन? अन् आला नाई तं जेवशीन कोणासंग? चार वर्सं झाले तुही बायको जाऊन. पिशवी ओसरीत ठेवून मोजाले बसतं, तवा तुहा डबा उघडून पाहाते मी, ब्रेड अन् लोणचं. मले दिसत नाई का?"

रोज काकांच्या शेजारच्या टेबलावर मी जेवतो. मी त्यांच्या डब्यात कधी पाहिलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

साहेब तसे मनाचे वाईट नव्हते. ते जीपच्या टायरकडे पाहत म्हणाले, "रीडिंग तो आपने ली है, रहांगडाले जी. जो ठीक लगे, लिख दीजिए." म्हणजे दीड मीटर लिहा, आम्ही काही पाहिलं नाही. पाइप राहिला असता. काकांनी वही मांडीवर घेतली.

"मावशी, खोटं नाई लिहता येत मले."

"लिही बापू, खरं लिही," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकांनी लिहिलं : 'कोरडा. आतलं पाणी घरचं.' पाइप त्याच आठवड्यात यादीतून गेला.

जूनच्या दहा तारखेला काका गच्चीवर जाऊन आले, हत्तीचं लिहिलं आणि पेन हातात धरून बसून राहिले. अकरा वाजले. साडेअकरा. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "जामुलकडे जाणं आहे का तुले?" मला कुठेही जायचं नव्हतं. मी किल्ली उचलली.

फाटकाशी उतरलो तर काका पुढे जाईनात. टेप नाही, वही नाही, हातांचं काय करावं त्यांना कळेना. कधी खिशात, कधी पाठीमागे. "कोणत्या कामाने आलो म्हणून सांगू?" ते मला विचारायला लागले. साठीला आलेला माणूस, घामाने निथळत उन्हात उभा.

मावशी बाहेर आल्या. "आज का मोजाचं आहे?"

"काई नाई मावशी."

"मंग?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे.

"मले भूक लागली," ते म्हणाले.

मावशींनी फाटकाची कडी काढली. "हात धू," त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू रे? तुले का रायपूरहून कागद पाठवा लागते?"

मी स्कूटर सावलीत लावली आणि आत गेलो.