धुके मोडिले, चषक गेला

या श्रोते हो, जवळ सरकून बसा. मागल्यांनीही पुढे यावे. ज्या परमेश्वराने पाण्यास दगड होण्याची बुद्धी दिधली आणि दगडास पुन्हा पाणी होण्याची, त्याचे चरणी मस्तक ठेवून बर्फावरील चषकाची हकीकत सांगतो, ती चित्त देऊन ऐकावी. शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सर, चैत्र मास. विलायतेच्या उत्तरेस स्कॉच मुलूख, तेथे मोठमोठ्या दालनांत यंत्राने बर्फ गोठवीत, आणि पायी पाती बांधून, हाती वाकड्या काठ्या घेऊन, रबराची काळी चकती शत्रूचे जाळीत घालीत, आणि जो सर्वांस जिंकी तो रुप्याचा चषक नेई. आरंभी चषकामागे पुष्कळ नगरे धावत, मग लोक सिनेमास जाऊ लागले, दालने ओस पडली, आणि दोनच फौजा उरल्या, किनाऱ्याची आणि डोंगराची. चषक किनारकरांकडे होता. दालनाच्या धन्याने फर्माविले जे, ही झुंज जाहली की यंत्र बंद, येथे मोटारींचे दुकान होणार. पुन्हा खेळणे नाही.

किनारकरांचे जाळीचे किल्लेदार टॉर्क्विलजी. घरी लेकीस, "उद्या तुला चषकातून दूध पाजीन," ऐसे सांगून आले होते. डोंगरकरांचे सरदार ड्यूगलजी, दाढी पिकली तरी चषकास हात लागला नव्हता. त्यांनी ऐसा तडाखा दिला की चकती टॉर्क्विलजींच्या गुडघ्याखालून आत गेली आणि डोंगरकर एका चकतीने पुढे जाहले. तोच बाहेरील ऊब दारांतून शिरली आणि बर्फावरून धुके उठले, ऐसे की काठीचे टोक दिसेना, आणि पंचांनी शिटी फुंकून खेळ थांबविला. दस्तूर ऐसा की धुके उठले म्हणजे दोन्ही फौजांनी वैर सोडून एकत्र गोल फिरावे, कांबळी झाडावी आणि धुके मोडावे. डोंगरकर फिरू लागले, परंतु निम्म्या फौजेने धुके हलेना, आणि किनारकरांचे सरदार फर्गसजी बाकावरून उठेनात. म्हणाले, "बसा रे सगळे. दालन बंद व्हायची घंटा झाली की खेळ मोडला, आणि मोडला की चषक मागल्या जेत्याकडे. म्हणजे आपल्याच घरी."

"पण दस्तूर आहे, सरदार," टॉर्क्विलजी म्हणाले.

"असेल. माझे पाय दुखतात. तुझेही दुखतात."

सगळे हसले. टॉर्क्विलजी बसले, मग उठले, मग पुन्हा बसले, हातमोजे काढिले आणि पुन्हा घातले. धुक्यातून ड्यूगलजींची हाक आली, "अहो किनारकर, निजलात काय? एक फेरा तरी मारा!" आणि पाठोपाठ त्यांचाच खोकला. तो खोकला फेऱ्यागणिक जवळ येई आणि दूर जाई, आणि टॉर्क्विलजींच्या जिवाची तगमग होई. अखेर त्यांनी बाकाखालचे कांबळे ओढिले.

फर्गसजी ओरडले, "टॉर्क्या, लेकीला काय सांगशील? उठलास तर गावात जन्मभर कोणी बोलणार नाही तुझ्याशी!"

"मग आत्ताच काय ते बोलून घ्या," टॉर्क्विलजी म्हणाले, आणि चकती अडवावयास पायी बांधिलेल्या जाड गाद्यांसकट बदकासारखे डुलत धुक्यात शिरले. मग एक शिपाई लाजून उठला, मग दुसरा, मग फर्गसजींखेरीज अवघे, आणि मग प्रेक्षक बायाबापड्यांसह बर्फावर उतरले, घसरले, पडले, हसले आणि कोट झाडीत फिरू लागले. कीर्तन रंगात येऊन सारी सभा उभी राहावी, तैसा गजर जाहला, आणि धुके फाटले. मग खेळ मांडिला, आणि किनारकर तुटून पडले, परंतु ड्यूगलजी चकतीपुढे आडवे पडले, आणि घंटा जाहली.

ड्यूगलजी चषक भरून टॉर्क्विलजींपाशी आले. "आधी तुम्ही तोंड लावा."

"नको बाबा. उचला आणि न्या लवकर. मला फार वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?" टॉर्क्विलजी भिंतीकडे तोंड करून गाद्यांचे पट्टे सोडू लागले, परंतु भिजून आवळलेला पट्टा सुटेना. तेव्हा ड्यूगलजींनी चषक बर्फावर ठेविला, आणि गुडघे टेकून शत्रूचे पट्टे आपल्या हाते सोडिले.

येणेप्रमाणे चषक डोंगरास गेला, बर्फाचे पाणी जाहले, आणि ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. चषकावर ड्यूगलजींचे नाव कोरिले आहे. टॉर्क्विलजींचे कोठेच नाही. म्हणोन श्रोते हो, विनंती इतकीच, त्यांस तुम्ही आठवावे.