चकचकीत डिश

पुंडलिकला ही गोष्ट सांगायची अजिबात हौस नाही. पण इथे कुवेतमध्ये, सालमियात कुणाकडे जेवायला बसला, की पहिला घास तोंडात जायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "पुंडलिकभाऊ, ते डिशचं सांगा ना!" (जेवायला बोलावतात की करमणुकीला?) तर ऐका एकदाचं, आणि वाढत राहा.

पुंडलिक कुवेतच्याच राई भागातल्या फर्निचरच्या कारखान्यात सुतार. खोलीत जोडीला रत्नागिरीकडचा नझीर, टॅक्सीवाला. टीव्ही त्याचा, गच्चीवरची डिशही त्याचीच. दोन हजार एकच्या ऑक्टोबरात गुहागरहून बायकोचा फोन आला. शुक्रवारी दुपारी अडीचला आपली अक्षदा टीव्हीवर, मुलांच्या आधीच टेप केलेल्या कार्यक्रमात विज्ञानाचा प्रयोग दाखवणार. तिकडचे अडीच म्हणजे इकडचे बारा. पोरीला बघून पुंडलिकला दोन वर्षं झाली होती.

आणि नझीरच्या टीव्हीवर तर माणसं कमी, मुंग्या जास्त!

शुक्रवारी सकाळी पुंडलिक फडकं घेऊन गच्चीवर गेला. धूळ पुसली, तर खाली डिश निघाली मळकट, खरबरीत. जन्मभर पॉलिश केलेल्या माणसाला ते कसं बघवणार? कपाटाच्या दारांना लावून उरलेला चंदेरी कागद होताच. एक सुरकुती न पाडता तो आतून चिकटवला.

"बघ नझीर, आरसा केला आरसा!"

"भाऊ, टीव्ही बघायचाय की दाढी करायचीय?"

"गप बस. चित्र कसं लख्ख येतं बघ आता."

आणि खरंच मुंग्या गेल्या. (पुसताना डिश जरा हलली असेल. श्रेय कागदानं घेतलं.)

बाराला अक्षदा दिसली. दोन वेण्या, लाल रिबिनी. पुंडलिक सरकत सरकत टीव्हीला जाऊन चिकटला.

"ही आमची सूर्यचूल," ती म्हणाली. "या वाटीला आतून चकचकीत कागद लावलाय. त्यामुळे सगळं ऊन उलटून एकाच जागी गोळा होतं, आणि त्या जागी ठेवलेलं..."

चित्र गेलं.

"त्या जागी ठेवलेलं काय?" पुंडलिक टीव्हीवर ओरडला.

दोघं गच्चीवर धावले. ऑक्टोबरचा सूर्य डिशच्या अगदी तोंडासमोर उभा होता, आणि डिशपुढच्या दांड्यावरचा तो सिग्नल पकडणारा प्लास्टिकचा डबा मेणबत्तीसारखा ओघळत होता.

"त्या जागी ठेवलेलं हे," नझीर म्हणाला.

तेवढ्यात नझीरचा मोबाइल वाजला आणि पुंडलिकनं तो ओढून घेतला. गुहागर.

"बाबा, दिसले का मी?"

"दिसलीस गं. केवढी झालीस!"

"आणि प्रयोग कळला?"

"तुझ्या मास्तरांनाही कळला नसेल इतका कळला."

नवा डबा पुंडलिकनंच आणून बसवला. चूक त्याची, कबूल. पण इकडे बाप पोरीशी बोलतोय तोवर डब्याच्या जागी तवा धरून ज्यानं अंडं फोडलं, पोरीच्या विज्ञानावर भाजलेलं ते अंडं सकाळपासून उपाशी असलेल्या बापाला न विचारता एकट्यानं खाल्लं, आणि वर "मीठ कमी पडलं, भाऊ" म्हणाला, त्यानं आजपर्यंत माफी मागितलेली नाही. त्या नझीरनं.