एकोणसाठची इम्पाला आणि यमाजी ससा

एका जंगलात, बाळांनो, एक तंबू थेटर होतं. तंबू हत्तीचा होता. तो जुना आणि ठिगळांचा होता, पण हत्तीचा असल्यामुळे त्याला कुणी फाटका म्हणत नसे. तिथे रोज दुपारी जुने सिनेमे लागत.

त्या सिनेमांत एक नायक असायचा, एक नायिका असायची, आणि एक खलनायक असायचा. खलनायकाकडे लांबलचक अमेरिकन गाडी असायची. जंगलातल्या प्राण्यांनी पहिल्या महिन्यात नायक पाहिला, दुसऱ्या महिन्यात नायिका पाहिली. तिसऱ्या महिन्यापासून ते फक्त गाडी पाहू लागले.

याचं श्रेय दाजीबा साळिंदराला. दाजीबा पूर्वी पाणवठ्यावर पावलांचे ठसे वाचायचा. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या पायाने लंगडत गेलं, सगळं चिखलात बघून सांगायचा. जंगलाचा तसा रिवाजच होता. आधी दाजीबाने ठसे वाचायचे, मग बाकीच्यांनी पाण्याला तोंड लावायचं. पण सिनेमा आला आणि दाजीबाला चिखल फिका वाटू लागला.

"ही सत्तावन्न सालची बेल एअर," तो अंधारात ओरडायचा. "पुढचे दिवे मोज! एकेका बाजूला एकच. अठ्ठावन्नला दोन-दोन झाले."

पडद्यावर नायिका बिचारी गाडीला टेकून रडत असायची. मागच्या रांगेतून आवाज यायचा, "अहो बाई, जरा सरका! मागचा दिवा दिसत नाहीये."

या सगळ्यात एक प्राणी अगदीच ढ होता. यमाजी ससा. त्याला सगळ्या गाड्या सारख्याच दिसायच्या. कुणी विचारलं, "यमाजी, कुठली गाडी?" तर तो म्हणायचा, "काळी." सिनेमाच काळा-पांढरा, त्यामुळे उत्तर चुकीचं नव्हतं. पण तंबूभर हशा पिकायचा.

यमाजीचा जिवलग दोस्त होता पिराजी चितळ. दोघे एकत्र पाण्यावर जायचे. यमाजी प्यायचा तेव्हा पिराजी मान वर करून राखण करायचा. पिराजी प्यायचा तेव्हा यमाजी कान टवकारून बसायचा. लहानपणापासूनचा शिरस्ता. पण हल्ली पिराजी गवताकडे बघायचं सोडून रस्त्याकडे बघायचा.

"पिरा, वाघ गवतातून येतो रे," यमाजी म्हणायचा.

"आणि प्लायमाउथ?" पिराजी विचारायचा. "ती गवतातून येणारे का?"

आता त्याच जंगलात एक म्हातारा वाघ होता. त्याच्याच्याने पळवत नव्हतं. एक दिवस तो गाडी घेऊन आला.

वाघाला गाडी कुठून मिळाली? बाळांनो, बोधकथेत असले प्रश्न विचारायचे नसतात. कावळ्याला घड्याभोवती एवढे खडे कुठून मिळाले, हे तुम्ही कधी विचारलंत का?

तर गाडी आली. लांब इतकी, की पुढची चाकं वडाखाली आली तरी मागची अजून बांबूच्या बेटात. शेपटीकडे दोन पंख, घारीने पसरावेत तसे आडवे. त्या पंखांखाली मागचे दिवे, अगदी मांजराच्या डोळ्यांसारखे. आणि अंगावर उडी मारणाऱ्या हरणाचं चकचकीत चित्र.

"आपल्यातलीच आहे," चितळांचा कळप गहिवरला.

"इम्पाला!" दाजीबाचे काटे उभे राहिले. "एकोणसाठची!"

गाडीत कोण बसलं होतं? डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात मफलर आणि मफलरच्या वर पट्टे. दिसत सगळ्यांना होतं. बघितलं कुणीच नाही. सिनेमात तरी गाडी चालवणाऱ्याकडे कोण बघतं?

गाडीची काच खाली झाली. आतून घोगरा आवाज आला, "जो माझी गाडी ओळखेल, त्याला मी फेरी मारून आणीन."

दाजीबा ओरडून ओरडून ओळखत होता. पण चालकाने त्याच्या काट्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही तर जाणकार, दाजीबा. जरा नव्या लोकांना संधी द्या." आणि त्याने एका भेकराला आत घेतलं.

भेकर परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी चौशिंगा बसला, तोही आला नाही. नंतर आणखी एक भेकर.

"शहरात गेले असतील," लोक म्हणाले. "मोठे झाले आता. आपली आठवण कशाला येईल?"

भेकराची बायको मात्र पाणवठ्यावर मान ताठ ठेवून सांगायची, "आमचे हे इम्पालातून गेले हो!" आणि ज्यांचे नवरे घरी होते, त्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे तुच्छतेने बघायच्या.

यमाजीला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण ससा जमिनीलगत राहतो, त्याला जमीन कळते. गाडी जिथे थांबायची, तिथे चालकाच्या दाराखाली त्याला चिखलात ठसा दिसला. चार बोटं, रुंद तळवा, नखांची खूण नाही. तो धावत दाजीबाला घेऊन आला.

दाजीबा खाली वाकला. बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"यमाजी," तो म्हणाला, "अरे, काय नक्षी आहे!"

"पंजाची?"

"टायरची रे! हे पांढऱ्या कडेचे टायर. असे आता मिळत नाहीत."

"आणि त्याच्या शेजारी काय आहे, दाजीबा?"

"शेजारी चिखल आहे. ठशावर पाय देऊ नकोस."

यमाजी पिराजीकडे गेला. पिराजी डबक्यात बघून शिंगं घासत होता.

"उद्या माझा नंबर लागणार बघ," तो म्हणाला. "इम्पालातल्या सगळ्या खुणा पाठ केल्यात."

"पिरा, त्या गाडीत वाघ आहे."

पिराजीने शिंगं घासणं थांबवलं. त्याला राग आला नाही. उलट दयाच आली.

"यम्या, गाडीचं साल सांगता येतं का तुला?"

"नाही."

"मग आत कोण आहे हे तू कुठल्या अधिकाराने सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी मॅटिनी सुटली आणि गाडी वडाखाली येऊन उभी राहिली. गर्दी जमली. पिराजी पुढे झाला. पंख सांगितले, दिवे सांगितले, साल सांगितलं. एकही चूक नाही. टाळ्या पडल्या. दार उघडलं. पिराजीने पुढचा पाय आत ठेवला.

"वाघ!" यमाजी किंचाळला. "आत वाघ आहे!"

"कुठल्या सालचा?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. पिराजीने दुसराही पाय आत ठेवला.

बाळांनो, यमाजीने गाडीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की इथे खऱ्याला गिऱ्हाईक नाही. तो टुणकन गाडीच्या टपावर चढला. तंबूत रोज ऐकून ऐकून जेवढं कानात अडकलं होतं, तेवढं त्याने गोळा केलं.

"हट्!" तो म्हणाला. "ही कसली एकोणसाठची? ही साठची आहे. साठच्या गाडीला गोल दिवे असतात. हे मांजराचे डोळे कुणीतरी मागाहून आणून बसवलेत."

झाडावरच्या वानराच्या हातून फळ पडलं.

गाडीच्या आत गुरगुर ऐकू आली. चालकाचं दार धाडकन उघडलं. हॅट उडाली, चष्मा पडला, मफलर सुटला.

"मागाहून बसवलेत?" वाघ गरजला. "माझ्या गाडीला? मूळचे दिवे आहेत ते! एकूण एक काच मूळची आहे! कोण म्हणतो साठची?"

आणि चार पायांवर, सगळ्या पट्ट्यांसकट, भर उजेडात तो मागच्या दिव्यांशी जाऊन उभा राहिला.

पिराजीच्या नाकात वास शिरला. सिनेमाने डोळे गेले होते, नाक शाबूत होतं. त्याने मागच्या मागे उडी घेतली, पाय आपटला आणि आजोबा-पणजोबांनी शिकवलेली इशाऱ्याची आरोळी ठोकली. क्षणात वडाखाली चिटपाखरू उरलं नाही.

उरला फक्त दाजीबा.

"दिवे मूळचेच आहेत, साहेब," तो अदबीने म्हणाला. "तो ससा अडाणी आहे. पण चाकांच्या टोप्या मात्र मला साठच्या वाटतात."

वाघ त्याला खाऊ शकत नव्हता, काटे होते. सोडूनही देऊ शकत नव्हता, टोप्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी वाघ उपाशी राहिला. वाद अजून चालू आहे असं म्हणतात.

जंगलाची सभा भरली. हत्ती अध्यक्ष. वाघाने तिघांना खाल्लं यावर हळहळ व्यक्त झाली. पण निदान ते एका अस्सल गाडीतून गेले, असं भेकराच्या बायकोने सांगितलं आणि सभेने मान डोलावली. मग मुख्य विषय निघाला. यमाजी सशाने चारचौघांत एकोणसाठच्या गाडीला साठची म्हटलं होतं.

"मुद्दाम म्हटलं," यमाजी म्हणाला. "वाघ बाहेर यावा म्हणून."

"म्हणजे अजाणता नव्हे," हत्ती गंभीरपणे म्हणाला. "जाणूनबुजून!"

यमाजीला तंबूत कायमची बंदी झाली. हात वर करणाऱ्यांत पिराजीही होता. 'गाडी ओळखा' स्पर्धेला परीक्षक म्हणून वाघाला बोलवावं, हाही ठराव झाला. मूळ काचा सांभाळणारा माणूस मनाने वाईट असणं शक्य नाही, असं सभेचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी यमाजी एकटाच पाण्यावर गेला. प्यायला वाकला, तर शेजारी चार खूर येऊन उभे राहिले. पिराजीने मान वर केली आणि गवताकडे बघत राखण करू लागला. यमाजी पोटभर प्यायला.

"यम्या," पिराजी हळूच म्हणाला, "जीव वाचवलास. विसरायचो नाही."

"हं."

"पण साठची म्हणालास रे! तुला एकदा नीट समजावून सांगतो, बस इथे."

आणि यमाजी बसला. काय करणार, मित्र होता.

तात्पर्य : खरं बोलून कुणाचा जीव वाचत नाही, त्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. चूक मात्र ठासून बोलावी. ती दुरुस्त करायला वाघसुद्धा गाडीतून खाली उतरतो.