हणमोजीरावांचा काळोख

आमच्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, हणमोजीराव राहतात. जिन्यात भेटले की ते चारचौघांसारखं "काय, बरं आहे ना?" विचारत नाहीत. पायरीवर थांबतात आणि एखाद्या कादंबरीचं नाव ऐकवतात. परवा माझ्या एका हातात कढीपत्ता, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. म्हणाले, "'मिट्ट काळ्या ग्रहावर मुक्काम'. कसं वाटतं, वैनी?" मी म्हटलं, दूध नासेल असं वाटतं.

कादंबऱ्या त्यांच्याच. सगळ्या विज्ञानकथा, आणि एकूण एक नावात अंधार. 'काळोखाचा कारकून'. 'अमावास्या २२२२'. 'अंधाराचा उपग्रह, भाग दोन'. भाग एक कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, तो अंधारात हरवला. यातली किती लिहून झालीत ते देवाला ठाऊक. छापलेली एकही नाही, एवढं मला ठाऊक आहे.

या नावांमागे संशोधन आहे बरं का! इथं म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथं हे दर रविवारी जातात आणि एकही पुस्तक न घेता नुसती नावं वाचून परत येतात. दुकानदाराची सहनशक्ती दांडगी. निष्कर्ष असा की, माणूस चंद्रावर जावो नाहीतर मंगळावर, कव्हरवर काळोख पाहिजेच. "एवढी शिकलेली माणसं," ते म्हणतात, "आणि अंधाराला सुम्ने भितात." सुम्ने म्हणजे उगीचच. त्यांचं घराणं म्हैसुरात इतक्या पिढ्या मुरलंय की वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये पोचतं. आम्ही पडलो साताऱ्याचे, नवऱ्याच्या नोकरीपायी कुवेंपुनगरात आलेलो. पहिलं वर्षभर मी त्यांच्या बोलण्याला नुसती मान डोलवत होते. पुढे सगळं कळायला लागलं, तेव्हा आधी काही बुडालं नव्हतं हेही कळलं.

आता खरी गंमत ऐका. हा काळोखाचा भक्त जन्मभर नोकरीला होता वीज खात्यात! तक्रारीचा फोन उचलायचं काम. आयुष्यभर उजेडाचा पगार खाल्ला आणि पेन्शनीत अंधाराचे गोडवे गातोय. माझा नवरा म्हणतो, याला म्हणतात खाल्ल्या घरचे वासे मोजणं.

आणि करंट गेला की या गृहस्थाला जो चेव चढतो तो बघण्यासारखा असतो. माझा मिक्सर चटणीत अडकलेला, मी घेते तो ऑनलाइन गणिताचा क्लास त्रिकोणाच्या कर्णावर लटकलेला, खालच्या नागम्मांची सीरियल ऐन सुनेच्या थोबाडीत थांबलेली. आणि हे टॉर्च घेऊन नवरदेवासारखे जिना उतरतात. सगळे दारं उघडून विचारतात, कधी येणार? मग हे रस्त्याची कुठली बाजू काळी आहे ते बघणार, जुन्या सहकाऱ्याला फोन लावणार आणि निकाल देणार: फांदी पडली, नाहीतर फ्यूज उडाला. तेवढ्यात नागम्मांचा गुडघा आणि आमच्या ह्यांची ॲसिडिटी दोन्हींची चौकशी उरकणार. दिवे आले की सगळे वाक्य अर्धं टाकून घरात पळतात. मीही पळते. कर्ण वाट बघत असतो.

या उन्हाळ्यात बिल्डिंगनं ठरवलं की जनरेटर बसवायचा. सगळे तयार, हणमोजीराव सोडून. सगळ्यांच्या होकाराशिवाय काम हलेना. आवाजानं नारळ धरणार नाहीत, हे त्यांचं पहिलं कारण. डिझेलच्या वासानं लोणची बिघडतात, हे दुसरं. इकडे माझ्या क्लासची मुलं परीक्षेच्या तोंडावर दुसरा क्लास शोधायला लागलेली. शेवटी मीच पदर खोचून वर गेले. म्हणजे अंगात ड्रेस होता, पण खोचला.

दार उघडलं आणि नमस्काराऐवजी नाव आलं: "'अंधार आला'. नवीन आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काका, नावं पुरे झाली, एकदा आत काय आहे ते तरी सांगा.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नसावं. मग त्यांनी मला बसवलं, कॉफी केली आणि गोष्ट सांगायला घेतली.

एका लांबच्या ताऱ्यावर एक माणूस टेबलाशी बसलाय, समोर फोन. अख्ख्या आकाशगंगेतला करंट गेलाय. मी राक्षसांची वाट बघत बसले. ते आलेच नाहीत. फोन आले. नेपच्यूनवरची म्हातारी आधी करंट कधी येणार विचारते आणि मग सुनेचं गाऱ्हाणं सांगत बसते. शनीवर मांडवात लग्न अडलंय, मुलीचा बाप रडकुंडीला आलाय. हा माणूस एकेकाला धीर देतो, जेवलात का विचारतो. शेकडो पानं नुसतं हेच. विज्ञान औषधालाही नाही. शेवटी दिवे येतात आणि आकाशगंगा लखलखते.

"मग?" मी विचारलं.

"मग फोन बंद, वैनी. एक पण येत नाही. तितं मी लिवलंय, अंधार आला."

मी कशासाठी वर आले होते ते तोंडातून निघेना. डोळे भरून आले, तर म्हटलं, कॉफी फार कडक झालीय.

तेच म्हणाले, "आयितु. झालं. जनरेटर बसवा. पोरांचं गणित बुडायला नको."

जनरेटर बसला. त्यानंतर एका संध्याकाळी पहिल्यांदाच करंट गेला. दिवे क्षणभर मिचकले आणि जनरेटरवर परत लागले. जिन्यात एक दार उघडलं नाही. नागम्मांकडे सुनेची थोबाडीत विनाखंड पार पडली. माझा क्लास चालू होता. मुलांना एक लांबलचक गणित घातलं, वर गेले आणि बेल दाबली.

हणमोजीरावांनी दार उघडलं. मागे ट्यूबलाइट ढणढण जळत होती.

"काका," मी म्हटलं, "आज करंट कुठं गेलाय हो?"

त्यांनी ट्यूबकडे बघितलं, मग माझ्याकडे. फोन घेऊन बाल्कनीत गेले, वाकून रस्त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, आणि फोनवर पलीकडच्या माणसाशी बराच वेळ बोलत राहिले. मग आत आले आणि खुर्चीवरचा पेपर उचलून बाजूला ठेवला.

"अर्धा तास तरी लागतंय," म्हणाले. "बसा."

मी बसले.