मधली फळी बेपत्ता

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायला पुढे येत नाही. मी जन्मभर घड्याळांच्या दुकानात तक्रारीच्या खिडकीमागे बसलो. "छे हो, पाण्यात कुठे पडलंय!" असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांच्या घड्याळातून मी त्यांच्याच देखत पाणी ओतून दाखवलं आहे. अशी बुद्धी निवृत्तीनंतर गंजू देणं म्हणजे समाजावर अन्याय. म्हणून गेल्या वर्षी, ही लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना, मी घरातच गुप्तहेर कचेरी थाटली. जागा, जेवणाचं टेबल. तिथे माझं भिंग आहे, टॉर्च आहे, कात्रणं आहेत आणि न सुटलेल्या प्रकरणांच्या फायलींचा ढीग आहे. सुटलेल्यांचा ढीग अजून सुरू व्हायचा आहे. टेबलाच्या उरलेल्या भागावर आम्ही जेवतो.

तर, प्रकरण असं. मोठ्या सुट्टीत सगळ्या कुटुंबाचं जेवण दरवर्षी माझ्या थोरल्या भावाकडे असतं. तिथे वहिनींचं राज्य. ही तिथे दिवसभर स्वयंपाकघरात राबते आणि पानावर बसते तेव्हा बाकीचे हात पुसत असतात. यंदा हिने जाहीर केलं, "जेवण आपल्याकडे. सगळे एकाच टेबलाला. आणि मीसुद्धा त्यांच्याबरोबर बसणार, वाफ निघत असताना."

त्यासाठी हिने आधीपासून कंबर कसली होती. सूप डब्यांत भरून गोठवलं होतं. भाज्या चिरून झाल्या होत्या, ताटं पुसून रचली होती, खुर्च्याही मागून आणल्या होत्या. मदतीला सासूबाई येऊन राहिल्या होत्या. आता फक्त टेबल ओढून लांब करायचं आणि त्यात मधली फळी बसवायची, एवढंच काम बाकी होतं.

जेवणाच्या आदल्या सकाळी हिने माळ्यावर हात घातला आणि तिथूनच ओरडली, "अहो, फळी कुठाय?"

मी भिंग उचललं. "कुणी कशाला हात लावू नका. हा चोरीचा प्रकार आहे."

"टेबलाची फळी कोण कशाला चोरेल?"

"तोच तर कळीचा प्रश्न," मी म्हणालो. उत्तर सुचत नसलं की मी हे म्हणतो.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांवर. त्यांच्याकडे परवापासून ठोकाठोकी चालू होती. मी गॅसचा वास येतो म्हणून त्यांच्या घरात शिरलो. समोरच भिंतीवर नवीकोरी फळी! मी भिंग लावून तिच्यावर नाक टेकलं.

"गॅस फळीत असतो का?" हेडमास्तरांनी विचारलं.

फळी पांढरी होती आणि आमचं टेबल सागवानी. रंग दिला असणार, असं ठरवून मी नखाने जरा खरवडलं. आतही पांढरीच निघाली. हेडमास्तरांनी मला दारापर्यंत सोडलं आणि मी पायरी उतरायच्या आत दार लावलं.

आता हेतूकडे वळणं भाग होतं. हे जेवण फसावं असं कुणाला वाटत असेल? एकच नाव डोळ्यांसमोर येत होतं. मी आवाज जाड करून वहिनींना फोन लावला.

"नमस्कार. फर्निचरच्या दुकानातून बोलतोय. आपल्याकडे एखादी जास्तीची फळी आली आहे का?"

"भावजी, सर्दी झालीय का?"

"मी भावजी नाही."

"मग फळीचं काय? म्हणजे टेबल पुरत नाहीये वाटतं. मी म्हटलंच होतं ह्यांना! अहो, त्यात लाजायचं काय? माझ्याकडेच करू जेवण. तिला म्हणावं, डबे घेऊन ये. रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे मला तयारीला लागायला बरं."

फोन ठेवून वळलो तर ही मागेच उभी. हिने सगळं ऐकलं होतं. ही चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, चिडण्याची मला सवय आहे. पण ही नुसती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एक दिवस हवा होता हो मला. एकच."

खरं सांगतो, त्या क्षणी मला फळी हवी होती ती कीर्तीसाठी नाही.

सासूबाई मात्र आपल्या कामात होत्या. "टेबल लांब होवो न होवो," त्या म्हणाल्या, "मोठं कापड एकदा पसरून तर बघू. डागबिग असला तर आत्ताच धुता येईल." आणि कुणाची परवानगी न घेता त्यांनी माझी कचेरी उचलून पलंगावर टाकली. पुरावे, कात्रणं, सगळं एका पदरात! मी हाय खाल्ली.

फळी घातल्यावर लागतं ते मोठं कापड त्यांनी पसरलं. ते बरोब्बर बसलं. चारी बाजूंनी वीतभर लोंबलं, ना कमी ना जास्त.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कापड आटलं! म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम गरम पाण्यात बुडवलं. आता गुन्हे दोन झाले!"

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जरा खाली वाका."

मी वाकलो. टेबलाच्या पोटाखाली, मधोमध, दोन कड्या लावलेल्या. त्यांच्यामध्ये आमची फळी, अगदी जिथल्या तिथे.

"टेबल कधीपासून उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "फायलींनी झाकलं होतं, एवढंच."

मग आठवलं. कचेरी थाटली त्या दिवशी फायली मावेनात, म्हणून मीच टेबल ओढून फळी बसवली होती. ही परत आली तेव्हा वर ढीग होता आणि बसायला जुन्या टेबलाइतकीच जागा उरली होती, त्यामुळे हिलाही काही वेगळं वाटलं नाही. अख्ख्या कारकिर्दीत मी एकच गुन्हेगार पकडला, तोही सासूबाईंनी.

"मला वाटायचं, घरच लहान आहे आपलं," ही म्हणाली. मग हिने वहिनींना फोन केला आणि फक्त एवढंच सांगितलं, "टेबल पुरतंय. या सगळे."

दुसऱ्या दिवशी सगळे आले, सगळे एका टेबलाला बसले. ही मधोमध बसली. सूपमधून वाफा निघत होत्या. वहिनींनी एक चमचा घेतला आणि त्या म्हणाल्या, "छान झालंय गं. किंचित मीठ लागेल. देतेस?"

सवयीने हिने खुर्ची मागे सारली. मी हिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस. मी आणतो."

स्वयंपाकघरात मी कपाटं उघडली, डबे हुंगले, एका बरणीतली साखर दोनदा चाखली. बाहेरून हिचा आवाज येत होता. ही कसलासा किस्सा सांगत होती आणि सगळे हसत होते, वहिनीसुद्धा. किस्सा माझाच असावा, पांढऱ्या फळीचा उल्लेख कानावर आला.

मीठ सापडायला बराच वेळ लागला. तोवर ही काही उठली नाही.